उडी ओवेन्सची, नियम मालकांचा

कामगाराने करार पुरा केला, शेवटच्या दिवसापर्यंत चोख काम केले आणि मग दुसरीकडे नोकरी धरली, तर जुन्या मालकाने काय करावे? हिशेब चुकता करावा, रीतसर निरोप द्यावा आणि रिकामी जागा भरावी. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९६२ साली एका खेळाडूने नेमके एवढेच केले. पुढच्याच वर्षी सर्व संघमालकांनी असा नियम करून ठेवला, की त्याच्यामागून कोणाला सहजासहजी तसे जाता येऊ नये. तो नियम न्यायालयातून मोडून काढायला खेळाडूंना तेरा वर्षे लागली, आणि खरीखुरी मोकळीक मिळायला तीस.

त्या खेळाडूचे नाव आर. सी. ओवेन्स. आपल्याकडे हे नाव कोणी ऐकले असण्याचा संभव नाही. खुद्द अमेरिकेतही जुने शौकीन सोडले तर ते फारसे कोणाच्या ओठांवर नाही. त्याचा खेळ आपल्या मैदानावरचा नाही, त्याचे वेतन आपल्या वेतनश्रेणीतले नाही. तरीही रेल्वेतल्या आणि टपालातल्या बंधू-भगिनींपुढे ही हकीगत मांडावीशी वाटते. हक्क कागदावर असणे आणि तो वापरता येणे यांत अंतर किती, आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न तिच्यात अगदी उघडा पडलेला आहे.

उंच उडी घेणारा गडी

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. वर्तमानपत्रात फोटो बहुधा त्याचा येतो. मैदानाच्या कडेला उभा राहून, इशारा होताच धाव घेऊन, हवेतला चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. झेल घेताक्षणी धिप्पाड माणसे वेगाने येऊन त्याच्या अंगावर आदळतात. या धंद्यात माणूस फार काळ टिकत नाही. कमाईची वर्षे मोजकी, आणि त्या वर्षांत आपल्या श्रमाचा भाव ठरवून घेण्याची संधी त्याहून मोजकी.

ओवेन्सचा जन्म १९३४ सालचा, लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा. कृष्णवर्णीय तरुण, उंची सव्वासहा फूट. आयडाहोतल्या एका लहानशा कॉलेजात तो बास्केटबॉलही खेळे, आणि त्या संघात त्याच्या जोडीला होता पुढे जगप्रसिद्ध झालेला एल्जिन बेलर. बास्केटबॉलमध्ये रिंगवरून परतणारा चेंडू दुसऱ्यांच्या डोक्यावरून उडी मारून पकडायचा, हे ओवेन्सचे कसब. फुटबॉलमध्ये त्याची पोटापाण्याची विद्या तीच ठरली.

व्यावसायिक लीगमध्ये नवा खेळाडू कोणत्या संघात जाईल हे तो स्वतः ठरवत नाही. दरवर्षी कॉलेजांतून येणाऱ्या मुलांची संघ पाळीपाळीने निवड करतात. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ज्याने निवडले त्याच्याशीच बोलणी करायची, त्या लीगमध्ये दुसरे दार नाही. ओवेन्सची निवड १९५६ च्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या फेरीत झाली, म्हणजे कोणाला त्याच्याकडून फार आशा नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फोर्टीनाइनर्स’ संघात तो १९५७ साली उतरला.

त्याच वर्षी त्याचे नाव झाले. क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल चेंडू मुद्दाम उंच, आकाशात फेकी. खाली ओवेन्सच्या भोवती प्रतिपक्षाचे दोन-दोन गडी उभे असत. चेंडू खाली येऊ लागला की सगळे उडी मारत, आणि सगळ्यांच्या वर ओवेन्सचे हात दिसत. या डावाला ‘अ‍ॅली-ऊप’ हे नाव पडले. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी डेट्रॉइटविरुद्धचा सामना हातचा जाणार अशी स्थिती असताना शेवटच्या काही सेकंदांत टिटलने असाच चेंडू फेकला, ओवेन्सने तो दोघांच्या वरून उचलला, आणि सॅन फ्रान्सिस्कोने सामना ३५-३१ असा जिंकला.

दार एकाच बाजूने उघडणारे

आता कराराची गोष्ट. खेळाडूच्या ठरावीक करारात एक कलम असे. मुदत संपल्यावर आणखी एक वर्ष त्याला ठेवून घेण्याचा अधिकार संघाचा. त्या जादा वर्षी खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर त्याच्या पगारात दहा टक्क्यांपर्यंत कपात. ती सोसून वर्षभर खेळला की मात्र तो मोकळा. मोकळे होण्याचा हाच एक कायदेशीर मार्ग होता, आणि त्याची किंमत खेळाडू आगाऊच भरत होता.

संघाला मात्र असली अडचण नव्हती. १९६१ साली टिटलला सॅन फ्रान्सिस्कोने न्यूयॉर्कच्या संघाला देऊन टाकले आणि बदल्यात दुसरा एक खेळाडू घेतला. दहा वर्षे संघाची धुरा वाहिलेल्या माणसाची अदलाबदल झाली, आणि हे सारे करारात बसत होते. म्हणजे मालकाला वाटले तर खेळाडूने सामान बांधायचे. खेळाडूला वाटले तर वर्षभर कमी पगारात खेळून दाखवायचे.

ओवेन्सने तेही करून दाखवले. १९६१ चा हंगाम तो त्या जादा वर्षाच्या कलमाखाली खेळला. टिटल गेलेला, चेंडू फेकणारा नवा, तरी त्याने ५५ झेल घेऊन १,०३२ यार्डांची मजल मारली. हा त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला हंगाम. ज्याला जायचे असते तो अंग चोरून काम करतो, हा मालकांचा लाडका आरोप त्याने आकड्यांनीच खोटा पाडला. हंगाम संपला, बंधन संपले, आणि १९६२ साली त्याने बाल्टिमोरच्या ‘कोल्ट्स’ संघाशी करार केला. कोणाला फसवले नाही, करार मोडला नाही, काम अर्ध्यावर टाकले नाही.

बाल्टिमोरमध्ये पहिल्याच वर्षी त्याने आणखी एक करामत केली. वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात प्रतिपक्षाने गोलच्या खांबांमधून लाथाडलेला चेंडू आडव्या दांड्यावरून जाणार, तोच खाली उभ्या असलेल्या ओवेन्सने उडी मारून तो हाताने परतवला. त्या वेळी याला नियमाची आडकाठी नव्हती. पुढे लीगने असे करण्यावर बंदी घातली. या माणसाने उडी मारावी आणि वरच्यांनी नियम करावा, असे त्याच्या नशिबी दोनदा आले. पहिला नियम खेळाचा, त्याची कोणाला खंत नाही. दुसरा मात्र शेकडो माणसांच्या पोटावर पाय देणारा होता.

रोझेल नियम

१९६३ साली संघमालकांनी लीगच्या घटनेत एक दुरुस्ती केली. मुदत संपून मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यावी. दोघांचे जमले तर ठीक. नाही जमले तर लीगचे कमिशनर पीट रोझेल ठरवतील ती भरपाई. नव्या संघाकडून एक किंवा अनेक खेळाडू, किंवा पुढच्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क, कमिशनरांना योग्य वाटेल ते. त्यांचा शब्द अखेरचा. कमिशनर कोणी नेमलेले? संघमालकांनी. यालाच पुढे ‘रोझेल नियम’ म्हणू लागले. हा नियम ओवेन्सच्या जाण्यानंतर आणि मालकांनी एकतर्फी केला, हे पुढे अपील न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद झाले. खेळाडूंची संघटना १९५६ पासून अस्तित्वात होती, पण तिला कोणी विचारले नाही.

या नियमातली मेख नीट पाहा. खेळाडूचे मोकळे होणे त्याने बंद केले नाही. कागदावर दार पूर्वीइतकेच उघडे. फक्त पलीकडे उभ्या असलेल्याला सांगून ठेवले, की याला घरात घेशील तर किंमत किती ते आम्ही नंतर सांगू. भाव ठाऊक नसताना खरेदी कोण करणार?

पाच वर्षे पुरी होऊन गेली आणि त्या नियमाचे दात दिसले. डेव्ह पार्क्स हाही सॅन फ्रान्सिस्कोचाच चेंडू झेलणारा गडी. १९६५ साली ८० झेल घेऊन साऱ्या लीगमध्ये तो पहिला होता. १९६७ चा हंगाम खेळून तो मोकळा झाला आणि १९६८ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघात गेला. दोन्ही संघांचे भरपाईवर जमेना. रोझेल यांनी निवाडा दिला: न्यू ऑर्लिन्सने पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क द्यावा, आणि शिवाय केव्हिन हार्डी हा खेळाडू द्यावा. हार्डी त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला अगदी नवा मुलगा. त्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. एका कामगाराने हक्क वापरला त्याचा दंड दुसऱ्या कामगाराच्या रूपाने वसूल झाला. कामगारांत परस्परांविषयी कडवटपणा पेरायचा असेल तर याहून नामी युक्ती सापडणे कठीण.

त्यानंतर शिकागोचा डिक गॉर्डन. तोही वाइड रिसीव्हर. १९७० साली ७१ झेल, १३ टचडाउन, लीगमधला अव्वल. १९७१ चा हंगाम खेळून तो मोकळा झाला, आणि मोकळाच राहिला. एवढ्या नामांकित खेळाडूला घ्यायला कोणी पुढे येईना, कारण भरपाईचा आकडा कोणाला ठाऊक नव्हता. अखेरीस १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने त्याला घेतले, आणि त्याची किंमत म्हणून पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क मोजावा लागला.

१९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी जादा वर्ष खेळून करार संपवला. त्यांपैकी दुसऱ्या संघात जाऊ शकले ३४. तीन प्रकरणांत जुन्या संघाने भरपाई सोडून दिली, २७ प्रकरणांत संघांनी आपसांत मिटवले, आणि कमिशनरांना निवाडा द्यावा लागला तो फक्त चारदा. बारा वर्षांत चार. धाक बसवायला तेवढे पुरे झाले. आपल्याकडेही शिक्षा एकाला होते आणि सारी कचेरी मान खाली घालते, हे सांगायला नको.

मालकांची बाजू

मालकांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. ते म्हणत: खेळाडूंना मोकळे सोडले तर श्रीमंत शहरांतले संघ सारे चांगले गडी विकत घेतील, लहान शहरांतले संघ बुडतील, सामने एकतर्फी होतील, आणि मग खेळाडूंचीही रोजी जाईल. वरवर पाहता हे पटण्याजोगे आहे. खेळात बरोबरीचे प्रतिस्पर्धी लागतात, हे खरे.

पण ज्या लीगमध्ये १९६१ च्या कायद्याचा आधार घेऊन टेलिव्हिजनचा पैसा सर्व संघ सारखा वाटून घेत होते, तिथे एका संघाची थैली दुसऱ्याहून फार मोठी असण्याचे कारणच उरत नव्हते. आणि रोझेल नियम फक्त नामांकित खेळाडूंना लागू नव्हता. दोन-चार सामने खेळणाऱ्या राखीव गड्यालाही तो तितकाच बांधत होता. त्याने काय समतोल राखला जात होता? वॉशिंग्टन असो की मुंबई, संस्थेचे हित म्हणून जो त्याग मागितला जातो तो नेहमी एकाच बाजूकडून का मागितला जातो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

‘तुम्ही गप्प होता, म्हणजे मान्य होते’

ज्या वर्षी हा नियम झाला त्याच वर्षी, १९६३ साली, बाल्टिमोरच्या संघात एक नवा गडी दाखल झाला. जॉन मॅकी. ओवेन्स तेव्हा त्याच संघात होता. ज्याच्या जाण्यामुळे नियम जन्मला तो आणि ज्याच्या नावाने तो पुढे मोडला गेला तो, असे दोघे एका हंगामात एकाच संघात खेळले. ओवेन्स १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा टिटलच्या सोबत, शेवटचा हंगाम खेळून निवृत्त झाला. मॅकी १९७० साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७२ मध्ये तो आणि आणखी काही खेळाडू न्यायालयात गेले.

हा लढा चालू असतानाच १९७४ साल उजाडले. आपल्या रेल्वे कामगारांना हे साल सांगावे लागत नाही. ८ मे रोजी आपला संप सुरू झाला, २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. त्यानंतर जेमतेम महिन्याने, १ जुलै १९७४ रोजी, अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंनी संप पुकारला. ‘स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही’ ही त्यांची घोषणा. रोझेल नियम जावा, ही मागणी त्यात अग्रभागी होती. ऑगस्टमध्ये हाती काही न लागता ते कामावर परतले. दोन्ही संपांचा परस्परांशी संबंध नव्हता, आणि आपल्या कामगारांनी सोसलेल्या अटका, बडतर्फ्या आणि वसाहतींतली दडपशाही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. रिकाम्या हाताने कामावर परतणे म्हणजे काय, हे मात्र दोघांनाही त्याच उन्हाळ्यात कळले.

संप फसला तरी खटला उभा होता. मिनियापोलिसच्या न्यायालयात न्यायमूर्ती अर्ल लार्सन यांच्यापुढे तो ५५ दिवस चालला, ६३ साक्षीदार तपासले गेले. डिसेंबर १९७५ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, आणि १९७६ साली अपील न्यायालयाने त्यातला गाभा कायम ठेवला. नियम सरसकट सर्वांना लागू होतो, त्याला काळाची मर्यादा नाही, खेळाडूला दाद मागायला जागा नाही. समतोल राखण्यासाठी जेवढे लागते त्याच्या पलीकडे तो जातो, म्हणून तो अवाजवी आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या खटल्यातला एक मुद्दा प्रत्येक शाखा-चिटणिसाने लक्षात ठेवावा असा आहे. मालकांनी बचाव केला: हा नियम तुमच्याच संघटनेने १९६८ आणि १९७० च्या करारांत स्वीकारलेला आहे, तेव्हा आता तक्रार कसली? वस्तुस्थिती अशी होती, की १९६८ च्या करारात लीगची घटना व उपनियम नुसत्या उल्लेखाने सामील करून घेतले होते, आणि रोझेल नियम त्या उपनियमांत होता. १९७० च्या करारात त्याचे वेगळे नावही नव्हते. संघटना त्या काळी दुबळी होती, पगार आणि पेन्शन यांसाठीच तिची दमछाक होत होती. न्यायालयाने करार आणि वाटाघाटींचा इतिहास तपासला आणि निष्कर्ष काढला, की या नियमावर समोरासमोर, बरोबरीच्या नात्याने खरी वाटाघाट कधी झालीच नाही. मालकांनी १९६३ साली एकट्याने केलेला नियम तसाच पुढे आला. म्हणून संघटनेच्या संमतीची ढाल त्यांना वापरता येणार नाही.

गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, असे एका न्यायालयाने म्हटले. पण ते म्हणायला तेरा वर्षे गेली, आणि तोवर कितीतरी जणांची खेळण्याची वर्षे संपून गेली होती.

न्यायालयात जिंकले, टेबलावर गमावले

इथेच गोष्ट संपती तर ती गोड झाली असती. पण १९७७ साली संघटनेने जो नवा करार केला त्यात भरपाईची कल्पना वेगळ्या रूपात परत आली. जुन्या संघाला बरोबरीची रक्कम देऊन खेळाडू ठेवून घेण्याचा पहिला हक्क, आणि तो गेलाच तर ठरलेल्या कोष्टकानुसार ड्राफ्टमधले हक्क भरपाई म्हणून. बदल्यात संघटनेला मान्यतेची हमी, पगारातून वर्गणी कापून घेण्याची सोय आणि जुन्या दाव्यांपोटी १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. संघटना तेव्हा कर्जात आणि थकलेली होती, हे समजून घेतले पाहिजे. तरीही स्पष्ट म्हटले पाहिजे, की हा सौदा महाग पडला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत या व्यवस्थेखाली संघ बदलू शकलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके निघाले.

१९८२ साली ५७ दिवसांचा संप झाला. १९८७ साली पुन्हा संप झाला, तेव्हा मालकांनी संपफोडे खेळाडू आणून तीन आठवडे सामने भरवले, आणि २४ दिवसांनी संप मोडला. खेळाडूंनी परत न्यायालयाची वाट धरली. १९८९ मध्ये तर कायद्यातली अडचण दूर करण्यासाठी संघटनेने सामुदायिक वाटाघाट करणारी संघटना हा आपला दर्जाच सोडून दिला. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला, आणि १९९३ च्या करारात ठरावीक हंगाम पुरे केलेल्या खेळाडूला मोकळेपणी संघ निवडण्याचा हक्क मिळाला. त्याचीही किंमत होती: १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर. शिवाय निवडक खेळाडूला अडवून ठेवण्याची एक तरतूद मालकांनी राखून ठेवली, ती आजही आहे. आणि मालकांनी भाकीत केलेला सर्वनाश? लहान शहरांतले संघ बुडाले नाहीत. त्याच १९९३ साली रेजी व्हाइट हा सर्वांत नामांकित मोकळा खेळाडू गेला तो ग्रीन बे या लीगमधल्या सर्वांत लहान गावाच्या संघात.

आपल्यासाठी

कोणी म्हणेल, डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांचे रडगाणे आपण का ऐकावे? ओवेन्सच्या काळात पुष्कळ खेळाडू हंगाम संपल्यावर दुसरी कामे करून घर चालवत, हे एक. आणि दुसरे, मोठा पगार घेणाऱ्या, ज्याला लाखो लोक ओळखतात अशा माणसालाही मालकांची एकजूट तीस वर्षे बांधून ठेवू शकते, तर वाडीबंदरच्या गोदीतल्या हमालाचे किंवा आडगावच्या ग्रामीण डाकसेवकाचे एकट्याने काय चालणार?

जाण्याचा हक्क आणि त्याची किंमत आपल्यालाही ठाऊक आहे. आईवडील थकले, गावी कोणी नाही, म्हणून टपालात रूल ३८ खाली बदली मागितली की ज्येष्ठता तळाला जाते. रेल्वेत विनंती बदलीचे तेच. तिथे आधीपासून काम करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, आणि त्या नियमाची किंमत निदान अर्ज करण्यापूर्वी माहीत असते. पण दर परिपत्रकाच्या वेळी हे तपासायला हवे, की हक्क ठेवून त्याच्या वापरावर कोणी नवी किंमत लावतो आहे का. रजा आहे, पण बदली माणूस नाही. तक्रारीची सोय आहे, पण तक्रार करणाऱ्याची नोंद राहते. दार उघडे आहे आणि पलीकडे कोणी घेत नाही, हे रोझेल नियमाचेच भाऊबंद.

म्हणून काम साधे आहे. परिपत्रक आले की वाचा. त्यात जुन्या नियमाचा नुसता उल्लेख असेल तर तो नियम काढून वाचा. मान्य नसेल तर पी.एन.एम.च्या बैठकीत, जे.सी.एम.मध्ये, शाखेच्या सभेत तसे लेखी नोंदवा आणि इतिवृत्तात आले की नाही ते पाहा. आज त्यावर लढण्याची ताकद नसेल, पण दहा वर्षांनी कोणी ‘तुम्हाला हे मान्यच होते’ म्हणू नये एवढी सोय आजच करून ठेवता येते. अमेरिकेतल्या खेळाडूंना न्यायालयाने ही चूक पोटात घातली. दरवेळी तसे न्यायालय भेटेलच असे नाही.

ओवेन्सने पुढे बरीच वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच संघाच्या कचेरीत नोकरी केली. ज्याला सोडून तो गेला होता त्या संघाने त्याला परत घेतले, आणि २०११ साली आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव लावले. २०१२ मध्ये तो वारला. मॅकी त्याच्या आदल्या वर्षी गेला, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला. त्याच्या ८८ या जर्सी क्रमांकावरून लीग आणि संघटनेने २००७ साली अशा आजारी माजी खेळाडूंसाठी मदत योजना सुरू केली. ओवेन्स एकटा गेला म्हणून त्याला जाता आले, आणि तो एकटा होता म्हणूनच त्याच्यामागून दार लावता आले. ते दार परत उघडले ते मॅकीने संघटनेच्या जोरावर. आणि पुन्हा लागले ते संघटना थकली तेव्हा. एकेकट्याच्या धैर्याचे कौतुक जरूर करावे. पण वर्गणी वेळेवर भरावी, सभेला हजर राहावे, आणि आपला विरोध कागदावर उतरवावा.